थकवा अंगावर काढू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत झोपेवरचे लेख अधूनमधून येतात. झोपताना मोबाइल दूर ठेवा, संध्याकाळनंतर कॉफी नको, रोज एकाच वेळी उठा. सल्ला योग्यच आहे. पण हे सगळं पाळूनही सकाळी उठल्यावर अंग आंबलेलं असतं, अशा माणसांसाठी त्या लेखांत सहसा काहीच सापडत नाही. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. काही वर्षं माझी झोप तासांच्या हिशेबात पुरेशी होती. तरी सकाळी डोकं जड, घसा कोरडा आणि रात्री लघवीला उठणं ठरलेलं. पेपर तपासायला बसले की हातातल्या लाल पेनाची रेघ उत्तरावरून घसरत समासापर्यंत जायची. डोळा लागला होता हे ती रेघ पाहून कळायचं. उभ्याने शिकवताना निभावून जायचं, बसले की संपलं. मुलांची नावं ऐन वेळी आठवेनात. घरच्यांनी ते वयावर ढकललं, मैत्रिणींनी पाळी जाण्याच्या दिवसांवर. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी १२ तपासायला सांगितलं. या तपासण्या व्हायलाच हव्यात, कारण सततच्या थकव्यामागे बरेचदा यातलंच काही निघतं आणि त्यावर उपाय असतात. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. मग 'टेन्शन घेऊ नका' आणि झोपेची गोळी.

या सगळ्यात 'तुम्ही घोरता का?' हे मला कुणीच विचारलं नाही. बाईला हा प्रश्न विचारायला समोरच्याला संकोच वाटतो आणि बाईला उत्तर द्यायची लाज वाटते. शेवटी एका मुक्कामात माझ्या खोलीत झोपलेल्या धाकट्या बहिणीने सकाळी सांगितलं, "ताई, झोपेत तुझा श्वास थांबतो गं. मी घाबरून तुला हलवलं."

घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट अरुंद झालेली असते. काहींची ती पुरती मिटते, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागं करून श्वास पुन्हा सुरू करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, ३० च्या वर गेले तर तीव्र. उपचार झाले नाहीत तर रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. हा जाड पुरुषांचा आजार ही समजूत मात्र पक्की आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही त्याचं प्रमाण वाढतं आणि त्या घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी सांगतात, म्हणून निदान राहून जातं. काही झोपेच्या गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो. कारण न शोधता गोळी सुरू करणं मला म्हणूनच फार गंभीर वाटतं.

तपासणी एका रात्रीची असते. डोक्याला चिकटवलेल्या वायरी, नाकाखाली बारीक नळी, छातीभोवती पट्टा, बोटाला चिमटा. माझा आजार तीव्र निघाला. उपचार म्हणजे सीपॅप मशिन: मास्कमधून हलक्या दाबाने हवा येत राहते आणि श्वासाची वाट मिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये मांडला. सुरुवातीला मास्कच्या कडेतून हवा डोळ्यांवर यायची, नाकाच्या दांड्यावर वळ उठायचा आणि झोपेत मी तो ओढून काढायची. मास्कचा आकार बदलून घेतल्यावर जमलं. बरेच जण याच टप्प्यावर मशिन गुंडाळून ठेवतात. तसं करू नये, मास्क बदलून मागावा. थकवा लगेच गेला नाही, हळूहळू ओसरला.

ज्यांना अंथरुणात तासन् तास झोपच लागत नाही त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी वर्तनोपचार आहेत आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी तेच सुचवले आहेत. आपला त्रास कोणता, हे आधी कळलं पाहिजे.

माझी विनंती आहे की पुरवणीत एपवर्थ प्रश्नावलीविषयी सविस्तर माहिती द्यावी. १९९१ सालची ही आठ प्रश्नांची चाचणी आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत शेजारी बसल्यावर डुलकी येण्याची शक्यता किती, असे प्रश्न त्यात असतात. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटावं. गुण कमी आले तरी घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तपासणी करावीच, हेही सोबत छापावं. आणि गाडी चालवताना ज्यांना डुलकी येते त्यांनी निदान होईपर्यंत स्टिअरिंग हाती घेऊ नये, हे ठळक अक्षरांत यावं.

आपली,
एक शिक्षिका व नियमित वाचक