चष्म्याची ऑर्डर न घेणाऱ्या काकांना

काका, स. न.

पत्राला उशीर झालाय. माझ्या भाचीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पार पडेपर्यंत कुणाचे आभार मानायचा धीरच होत नव्हता. तुमचं नाव चारचौघांत घेतलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून घेत नाही. पेठेतली माणसं ओळखतीलच.

पोर तुमच्या दुकानात आली तेव्हा नंबर तयार होता. उजवा −८.५, डावा −७. फ्रेम दाखवायची, काचा बसवायच्या, पैसे घ्यायचे, एवढंच तुमचं काम. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला तुम्ही पट्टी लावलीत, "डावीकडं बघ, आता उजवीकडं" म्हणालात, आणि पट्टी काउंटरवर ठेवून दिलीत. "परत एकदा बघ, बाळ." नजर थांबली तरी बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा जरासा हलतच राहिला, भरली घागर टेकवल्यावर आतलं पाणी हिंदकळत राहतं तसा. त्या पडद्याला मागून डोळ्यातल्या लेन्सचा टेकू असतो. लेन्स जागेवरून सरकली की टेकू सुटतो आणि पडदा थरथरतो. हे दिसायला कुठलं महागडं यंत्र लागत नाही.

मग तुम्ही घेतलेला ॲडव्हान्स परत दिलात. जुन्या चष्म्याची ढिली काडी आवळून दिलीत, त्याचेही पैसे घेतले नाहीत. आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी खरडल्यात: "दीड वर्षात −३ वरून −८.५. दोन्ही डोळ्यांत पडदा हलतो. थेंब टाकून, बाहुली मोठी करून लेन्सची जागा बघावी." तो कागद आता फाइलीत पहिल्या पानावर आहे. पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्या मागे लागलेत.

त्या दीड वर्षात ती तीनदा एका मोठ्या, एसी दवाखान्यात जाऊन आली होती. मशीनवर एकाच डोळ्याचे तीनदा तीन वेगळे आकडे आले. आकडे का हलतात हे कुणी विचारलं नाही, सरासरी काढून चष्मा दिला. थेंब टाकले तर दोन तास थांबावं लागतं, म्हणून तेही राहिलं. "मोबाईल बंद करा" हा सल्ला मात्र तिन्ही वेळा मिळाला. आठ वर्षांच्या पोरीने सहा महिने बोलणी खाल्ली, तीही नसलेल्या गुन्ह्याची.

तुमची चिठ्ठी वाचून दुसऱ्या डॉक्टरांनी थेंब टाकले. दोन्ही लेन्स खाली आणि नाकाच्या बाजूला उतरलेल्या. उंच, काटकुळं, लांब बोटांचं पोर आणि सरकलेली लेन्स म्हटलं की मार्फान सिंड्रोम आधी आठवतो, पण त्यात लेन्स बहुधा वर सरकते. खाली उतरली असेल तर होमोसिस्टिन्युरियाची शंका घ्यायची. १९६२ मध्ये बेलफास्टला मुलांची लघवी तपासताना पहिल्यांदा सापडलेला हा आजार. प्रथिनांपासून शरीरात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य बनतं; त्याचं पुढे रूपांतर करणारं एक एन्झाइम नीट चालत नाही, होमोसिस्टीन रक्तात साठतं आणि लेन्सला धरून ठेवणारे बारीक धागे कुजल्यासारखे तुटत जातात. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन बिघडलेले जीन एकत्र आले तरच आजार दिसतो. आई-बाप आते-मामे भावंडं, म्हणून धाकट्याचंही रक्त लगेच घेतलं. तो सुटला.

रक्ताचं मुद्दाम सांगते, कारण इथेही चुकायला भरपूर वाव आहे. ट्यूब बर्फात ठेवायची आणि तासाभरात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. तशीच टेबलावर राहिली तर पेशींतून होमोसिस्टीन झिरपत राहतं आणि आकडा खोटाच फुगतो. उलट, घरोघरी चालू असतं ते बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक दोन आठवडे आधी बंद नसेल, तर आकडा खोटाच उतरू शकतो आणि आजार हातचा निसटतो. पोरीचा आला २१२. मोठ्या माणसातही १५ च्या आत हवा.

आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लगेच दिली नाही. त्यांचेही उपकार आहेत. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात, भूल देताना आणि त्यानंतर तर जास्तच. आधी बी-६, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड, सहा आठवडे. काहींना एवढ्यावरच उतार पडतो. हिला अर्धवट पडला. मग मोजून प्रथिनं आणि होमोसिस्टीन उतरवणारं बीटेन हे औषध. कोल्हापुरात, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेला भरला जातो त्या गावात पोराला दूध मोजून द्यायचं, आणि रविवारी घरात पांढरा रस्सा असताना तिच्या ताटात तो वाढायचा नाही, हे आजीला समजावण्यापेक्षा होमोसिस्टीन उतरवणं सोपं होतं. आकडा ६० च्या खाली आला तेव्हा कुठे तारीख मिळाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवलं होतं: नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू नको, जास्त वेळ उपाशी ठेवू नका, आदल्या रात्रीपासून सलाइन, ऑपरेशननंतर लवकर उठवून चालवा.

काका, त्या दिवशी तुम्ही आणखी एक बोलला होता: "डोळा एकदम दुखून लाल झाला, उलटी झाली, तर उताणं झोपवून तशीच दवाखान्यात न्या." ही पित्ताची उलटी समजून लोक घरीच लिंबू-पाणी देत बसतात. लेन्स बाहुलीतून पुढे आली की आतल्या पाण्याची वाट अडते, डोळ्यातला दाब चढतो आणि काही तासांत नजर जाऊ शकते. उताणं झोपवलं तर लेन्स मागे पडायची शक्यता तरी राहते. तशी वेळ आली नाही, पण घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं आणि त्यामुळे रात्री झोप लागायची.

आपल्या गावात अशी माणसं अजून आहेत. "हे माझ्याकडं होणार नाही, तिकडं जावा" म्हणणारा गवंडी, खराब भाजी पिशवीतून परत काढून घेणारी लक्ष्मीपुरीतली मावशी. गिऱ्हाईक हातचं जातंय हे कळत असूनही.

आता कामाचं. उतरलेल्या लेन्स काढल्यात, आत कृत्रिम बसवलेली नाही. सुटलेली लेन्स औषधाने परत जागेवर जात नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. नवा नंबर दोन्हीकडे +९ च्या आसपास, जवळचं बघायला त्यात आणखी +३. बायफोकलची रेघ मोठ्या माणसांसारखी खाली नको, थेट बाहुलीच्या मध्यावर हवी, नाहीतर पोरगी वरूनच वाचत राहील. काच पॉलिकार्बोनेटची, फ्रेम लहान आणि गोल, म्हणजे काच मधोमध फार जाड आणि जड होणार नाही. नाकावरचे पॅड सिलिकॉनचे. रंग तिला जांभळा हवाय.

शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन येतो. ॲडव्हान्स या वेळी घ्या.

तुमची,
पोरीची आत्या (लॅबमधली)