मंजूला, धारूरहून

किल्ले धारूर,
डिसेंबर २०२५

प्रिय मंजे,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे. दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, नंतर केलाही नाही. आम्ही बरे आहोत, माझी पाठ आहे तशीच, ह्यांचं बीपी गोळीवर. झालं.

लिहायचंय ते सोहमबद्दल. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय, दरसालचंच आहे.

बदली झाली तेव्हाचे त्याचे तमाशे तुला ठाऊक आहेत. लोकल नाही, रेल्वे स्टेशनच नाही, नळाला पाणी येईल तेव्हा येईल. शाळेत गाव विचारलं तर म्हणाला, मुलुंड. "ते ऱ्हाऊ दे, पण गाव कोणतं?" घरी येऊन मलाच विचारतो, आई, आपलं गाव कोणतं? मी ठाकूरद्वार म्हटलं तर हे हसत सुटले. वर्गात त्याचं नावच पडलं 'मुंबई'. "ए मुंबई, बॉल टाक!"

मग विष्णू भेटला आणि आमचं ध्यान माणसात आलं. दोघं किल्ल्यावर काय जायचे, बालाघाटात सीताफळं काय हुडकायचे! डोळा उघडल्याशिवाय फळाला हात लावला की विष्णू हातावर फटका मारायचा. आमच्या ज्वारीच्या डब्यात हात घातला की सीताफळच लागायचं. सफरचंदाची सालं काढून देईपर्यंत तोंड न उघडणारा मुलगा अंगणात बिया थुंकायच्या शर्यती लावत होता.

बीडहून लाखो माणसं ऊसतोडीला जातात हे मला पेपरातूनच माहीत होतं. यंदा १ नोव्हेंबरला गाळप सुरू झालं. दिवाळी होते न होते तोच आमच्या रस्त्यावरून ट्रक निघाले. भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्यांची डालगी आणि वर माणसं. एकात विष्णू.

त्याचे आईवडील मिळून एक कोयता, इथे ऊसतोडीच्या जोडीला असंच म्हणतात. उचल घेतलेली, खाडा केला की मुकादम पैसे कापतो. आजी होती तोवर विष्णू मागे राहायचा. सरांनी हंगामी वसतिगृहाचं सांगून पाहिलं. सोहमने तर त्याला आमच्याकडेच ठेवायचं ठरवून गादीसुद्धा घातली होती. ह्यांनी त्याच्या वडिलांना विचारलं. ते उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, "तुमच्यात ऱ्हाईल की साहेब, पर बारकीला कोपीवर कोण सांभाळंल?" कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची त्यांची झोपडी.

विष्णू वह्या सोहमकडे ठेवून गेलाय. तेव्हापासून आमचं कार्टं रोज सगळं दोनदा लिहितं, विष्णूच्या वहीत विष्णूसारखं तिरकं. गणितात मुद्दाम एक चूक. "सगळं बरोबर आलं तर सरांना कळेल ना!" नाताळात मुंबईलाही यायचं नाही म्हणतो, वह्या मागे पडतील.

सर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, नाव पटावर राहतं हो, पण ह्या वयाची पोरं पुढच्या वर्षी अर्धा कोयता धरतात. सोहमच्या हिशोबात पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की विष्णू येणार आणि परीक्षेला बसणार. मी हो हो करते. सांगून टाकू का त्याला? हे म्हणतात, मुलं विसरतात. ह्यांना भाऊ पाच आणि मित्र एक नाही, ह्यांचं काय ऐकायचं!

तू विरारला गेलीस तेव्हा सगळे मला म्हणायचे, दर रविवारी येईल गं ती. आलीस गणपतीत एकदा, नवा फ्रॉक मिरवत, आणि तिकडच्या कुठल्या शिल्पा नावाच्या मैत्रिणीचं कौतुक करत बसलीस. (स्ट्रायकर तुझ्याकडेच आहे, उगाच नाही म्हणू नकोस.) पण कुणी सरळ सांगितलं असतं की आता ती काही येत नाही, तर मी गॅलरीत उभं राहणं सोडलं असतं? कसली सोडते!

फड सांगलीकडे आहे. मुकादमाचा नंबर मिळवलाय. वाटतं, एका रविवारी सोहमला घेऊन जावं. पण मग वाटतं, सोहमने आपली कोपी बघितलेली विष्णूला आवडेल का? आणि हा पोरगा तिथे जाऊन वह्या उघडून बसायचा.

तेव्हा मी विरारला यावं असं तुला वाटायचं, की नको वाटायचं? मनात आहे तेच लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

अभयचं नव्या नोकरीत कसं चाललंय? सासूबाईंचा गुडघा? ईशाच्या बारावीचं बोलत नाही, तुझं टेन्शन वाढेल.

पत्रच लिही, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझीच,
सुमी