गिरणेचं पात्र आधी मोजा, मग वाळूचा लिलाव काढा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी एरंडोल तालुक्यातला गिरणा नदीकाठचा शेतकरी, पेपरला पहिल्यांदाच लिहितोय, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही लहान होतो तेव्हा मे महिन्यात आई नदीत हाताने झिरा उकरायची, हातभर वाळू काढली की गार पाणी लागायचं, आणि त्याच वाळूत लोक टरबूज-डांगराच्या वाड्या लावायचे. आता तिथे वाळूच नाही, खाली खडक न माती उघडी पडलीय आणि मधे मधे पोकलेनने पाडलेले खड्डे. धरणातून पिण्यासाठी आवर्तन, म्हणजे ठरवून सोडलेलं पाणी सुटतं, ते आधी हे खड्डे भरतं मग पुढे सरकतं, म्हणजे टेलच्या, शेवटच्या गावांना पोचेपर्यंत किती दिवस जातात ते तिथल्या बायांना विचारा. माझ्या विहिरीवर उन्हाळ्यात दोन तास मोटर चालायची, आता वीस मिनिटात हवा ओढते. वाळू म्हणजे नदीची टाकी आहे साहेब, पाणी तिच्यात मुरून राहतं आणि तिथून हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं, टाकीच उचलून नेली तर पाणी थांबणार कुठे?

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा आहे, 2012 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाच हेक्टरच्या आतला वाळूचा पट्टा असला तरी पर्यावरण परवानगी लागेल, मग 2016 ला केंद्राच्या गाईडलाईन आल्या, 2020 ला परत आल्या. त्यात स्पष्ट आहे, पुरासोबत दरवर्षी नवीन वाळू किती येते ते मोजायचं आणि त्याच्यापेक्षा जास्त काढायची नाही, तीन मीटरच्या खाली जायचं नाही. माझं म्हणणं या मोजणीबद्दलच आहे. वर नांदगाव तालुक्यात 1969 पासून गिरणा धरण उभं आहे, वरून येणारी वाळू तिथेच अडते, खाली भडगाव पाचोरा एरंडोल धरणगावकडे येते ती फक्त मधल्या छोट्या नद्या-नाल्यांची, ती कितीशी असणार. मग दरवर्षी उचलायला एवढी वाळू कुठून येते हे कागदावर कोणी लिहिलंय का, आमच्या गावात तरी मोजायला आलेलं कोणी पाहिलं नाही.

2023 ला सरकारने सरकारी डेपोवर 600 रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू द्यायचं धोरण आणलं, 2025 ला ते मोडून परत लिलाव आणला. दोन्ही वेळेस चर्चा भावाची झाली, नदीत किती उरलीय ते कोणी बोललं नाही. घरकुलाला वाळू लागते, माझ्या चुलतभावाचंच घरकुल वाळूपायी सहा महिने अडलं होतं, गरिबाला घर पाहिजेच, त्याला माझा विरोध नाही. पण दगडापासून बनवलेली कृत्रिम वाळू आता मिळते, निदान सरकारी रस्ते-पुलांच्या कामाला तरी तीच सक्तीने वापरा.

रात्रीच्या डंपरबद्दल मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, आणि अडवायला जाणाऱ्या तलाठी-कोतवालांच्या अंगावर गाड्या घालतात हेही तुमच्याच पेपरात येतं.

मागणी एवढीच आहे. यंदा पाऊस उघडला की पात्राची मोजणी ग्रामसभेला आधी कळवून, दिवसाउजेडी, गावकऱ्यांसमोर करा, आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि वाळू भरलेली नसेल तर नदीच्या त्या पट्ट्याचा लिलाव त्या वर्षी काढूच नका. टेप धरायला आम्ही येतो.

आपला,
एक गिरणाकाठचा शेतकरी, ता. एरंडोल, जि. जळगाव