माणिक चौकातली पाच नावं

मा. पालकमंत्री, नंदुरबार जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

परवा चौथीतल्या नातवाने विचारलं, "आबा, माणिक चौकातलं स्मारक कुणाचं?" मी म्हटलं, शिरीषकुमारचं. "एकट्याचंच?" मी पाच नावं सांगायला लागलो आणि चौथ्यावर अडलो. जन्म नंदुरबारचा, हयात शाळेत शिकवण्यात गेली, तरी नाव आठवेना. फार लाज वाटली. म्हणून हे पत्र.

९ सप्टेंबर १९४२. मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव होऊन महिना झाला होता. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या या व्यापारी गावात पोरं तिरंगा घेऊन निघाली. घोषणा होती 'नहीं नमशे', म्हणजे झुकणार नाही. शिरीषकुमार मेहताच्या घरची बोली गुजराती, तीच त्या दिवशी रस्त्यावर आली. पोलिसांची बंदूक मुलींवर रोखली गेली तेव्हा तो पुढे झाला, असं जुनी माणसं सांगत. त्याला सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती. गोळीबारात तो गेला आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहाही गेले. एका गावाची पाच पोरं, एका दिवशी!

शिरीषकुमारचं नाव पोरांच्या ओठी आहे, ते राहोच. पण उरलेल्या चौघांच्या घरीही त्या रात्री चूल पेटली नसेल, साहेब.

माझं मागणं मोठं नाही. चौकात पाचही नावं आणि त्या दिवसाची हकिगत अशा अक्षरांत लिहा की गाडीवरून जाणाऱ्यालाही दिसावी, आणि इतक्या उंचीवर की चौथीतल्या पोराला मान वर न करता वाचता यावी. मराठीत लिहा, गुजरातीतही लिहा. अहिराणी आणि भिलीत तर लिहाच, कारण धडगाव-अक्कलकुव्याहून जिल्ह्याच्या गावी येणाऱ्या पोराचाही हा चौक आहे. मजकूर लावण्याआधी या भाषा बोलणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या, चुका दगडात कोरल्या की पुसता येत नाहीत.

दर ९ सप्टेंबरला सकाळी तासभर चौकातली वाहनं दुसरीकडून वळवा. हार-भाषणं होतीलच, पण त्याआधी शाळेतल्या पाच मुलांनी एकेक नाव मोठ्याने वाचावं.

नातवाने पाचही नावं आता पाठ केली आहेत. शशिधर केतकर हे नाव त्याला वाचू द्यावं, एवढी माझी घरगुती विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नंदुरबार