रजिस्टरात न उतरणारी शुश्रूषा

मा. संपादक यांस,

१२ मे, परिचारिका दिन आला की दवाखान्यांतून शाल, श्रीफळ, फोटो होतात. त्यात एका कामाचं नाव कधी निघत नाही. जे बाळ वाचणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय, त्याची शेवटच्या तासांतली शुश्रूषा. काचेच्या पेटीच्या विभागात बरं होऊन घरी, पुढे पाठवलं, मृत्यू असेच हिशेब होतात. ते बाळ आईच्या छातीवर गेलं की नळ्यांच्या जाळ्यात, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

काम बारीक आहे. चिकटपट्टी सरळ ओढली तर कमी दिवसांच्या बाळाची कातडी सोलून येते. ती सलाईनच्या बोळ्याने भिजवून, कातडी दाबून धरत, कडेकडेने सोडवावी लागते. सुई टाळता येत नसेल तर दुखणं कमी व्हावं म्हणून दोन मिनिटं आधी २४ टक्के साखरपाण्याचे थेंब जिभेवर. मॉर्फिन या वेदनाशामकाचा डोस बाळाच्या वजनावर, मायक्रोग्रॅममध्ये. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दसपट, म्हणून दोन सिस्टरांनी वेगवेगळा हिशेब मांडून ताडून बघायचा. दूध पचत नसलं तरी आईच्याच दुधाने ओठ ओले ठेवायचे. मॉनिटर बंद करायचा, नाहीतर घरचे बाळाऐवजी आकडे बघत बसतात.

अखेरीस श्वास बराच वेळ थांबतो आणि बाळ एकदम आचका देतं. हे पुन्हा पुन्हा होऊ शकतं. आधी सांगून ठेवलं नसेल तर बाप ‘जिवंत आहे’ म्हणत डॉक्टरांकडे धावतो, आणि ती आशा मोडण्याचं काम पुन्हा सिस्टरच्याच वाट्याला.

आपल्याकडे थोरली माणसं म्हणतात, बाळंतिणीला दाखवू नका. पुरायची घाईही असते. अशा वेळी सासूला बाजूला घेऊन समजावणं, सिझेरियन झालेल्या बाईला व्हीलचेअरवरून आणून दुपट्यातलं बाळ तिच्या मांडीवर देणं, घरच्यांना विचारून पावलाचा ठसा घेणं, हे सगळं सिस्टरच करते. आमच्या बेळगावात दवाखान्याचे कागद कन्नडमध्ये, बाळंतीण खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची मराठी; कन्नड घरातली सिस्टर मोडक्या मराठीत तिला सही कशावर ते सांगते. सीमाभागाच्या वादात ही मराठी कुणी मोजत नाही.

घरी सोडताना एक गोष्ट हमखास राहते. दोन-चार दिवसांत पान्हा फुटतो. घट्ट फडकं बांधलं तर दूध तुंबून गाठी होतात. थंड पट्ट्या ठेवाव्यात, ठणका कमी होण्यापुरतंच दूध काढावं. बाळाने एकच श्वास घेतला असला तरी जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद २१ दिवसांत लागते, हेही बापाला त्याच वेळी सांगायला हवं. नाहीतर खानापुराहून हेलपाटे.

तेव्हा सत्कार करायचाच तर असा करा. असं बाळ असेल त्या पाळीत त्या सिस्टरकडे दुसरं बाळ देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिला सुटी द्या. लगेच तसंच दुसरं बाळ तिच्याकडे नको. वेदनाशमनाचं प्रशिक्षण कन्नड-मराठी दोन्हींत होऊ दे. आणि गोपनीय अहवालात या कामासाठी दोन ओळी असू देत.

काही निवृत्त परिचारिका,
बेळगाव-खानापूर