पुष्प मिळाले, पुढे काय?

महोदय,

चर्चच्या मंडळीत येणाऱ्या नवख्यांच्या स्वागताविषयी आपल्या कालच्या अंकात आलेला लेख वाचला. स्वागत समिती नेमावी, दारात दोघांनी उभे राहावे, पाहुण्याला पुष्प द्यावे, या सूचना लेखकाने सद्भावनेनेच केल्या असतील. परंतु त्या सर्वांचा लाभ मी स्वतः घेतलेला असल्यामुळे लिहिणे भाग आहे.

निवृत्तीनंतर मी नगरहून कोल्हापुरास मुलाकडे राहावयास आलो आणि पहिल्याच रविवारी येथील एका मंडळीत उपासनेस गेलो. दारात हस्तांदोलन झाले. बाकावर टेकतो तोच मागून एका भगिनींनी अत्यंत नम्रपणे सांगितले, की ती जागा त्यांच्या यजमानांची आहे, ते येतीलच. मी भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर गेलो. पुढे मला उभे करून नाव-गाव विचारण्यात आले, टाळ्या वाजल्या, गुलाबाचे फूल मिळाले आणि ते हातात धरून मी आशीर्वचनापर्यंत बसलो. यजमान काही आले नाहीत. त्यानंतरचे आठ रविवार आवारात घोळके रंगत आणि मी फाटकाची वाट धरी. (1852 साली अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वायल्डर या शहरात आले तेव्हा येथे मंडळीच नव्हती; म्हणजे आज बाकांवर वहिवाट सांगणाऱ्यांचेही पूर्वज कधीतरी नवखेच असणार.)

नवव्या रविवारी पावसामुळे मी पायऱ्यांवर खोळंबलो असता एक रिक्षाचालक बंधू म्हणाले, "काका, तुम्ही नगरचं न्हवं? चला की घरला, च्या घेऊन मग जावा." चहाचे जेवण झाले. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहातील रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एका गीताची आमच्याकडची चाल मी म्हणून दाखवली, त्यांनी येथली म्हटली, आणि कोणती खरी यावर आमचा वाद अद्याप मिटलेला नाही. आता मला रविवारी उशीर झाला तर त्यांचा फोन येतो. हे बंधू कोणत्याही समितीवर नाहीत; त्यांना त्यावर घेऊ नये, ही विनंती.

जाता जाता, त्याच लेखात आमच्या पाळकांचा उल्लेख तीनदा 'फादर' असा झाला आहे. फादर कॅथलिक चर्चमध्ये असतात. आमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीत, पाळक असतात व त्यांना पत्नी आणि मुलेही असतात. दर नाताळला आपल्या पत्रात होणारी ही चूक यंदा नाताळची वाटही न पाहता झाली.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर