आधी ती रक्ताची टेस्ट करून घे

माय,

काल फोनवर माझा आवाज चढला, पण लॅबमध्ये चक्कर येऊन पडलीस हे आम्हाला तुझ्या रूममेटकडून कळावं का? आई रात्रभर जागी होती. पोटॅशियम तपासून घे आणि ईसीजी काढ, एवढंच म्हणायचंय, बाकी काही बोलणार नाही.

दिवाळीत मळ्यात तू समजावलं होतं ना, मेंदूच्या पेशीला पोटॅशियमचे दरवाजे असतात, आत यायला सोपे न् बाहेर जायला अवघड, मी म्हटलं म्हणजे आपल्या विहिरीतला फुटव्हॉल्व. तू म्हणे नाही पप्पा, जे थोडंसं बाहेर झिरपतं तेच महत्त्वाचं, त्यानेच पेशी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास शांत राहते, बारीकसारीक धक्क्याने भडकत नाही. धक्का जोराचा आला की पेशीच्या आतलंच मॅग्नेशियम न् ते स्पर्मिन नावाचं रसायन दरवाजात अडकून बसतं, म्हणून तिला सिग्नल सोडता येतो. कॅट्झ नावाच्या शास्त्रज्ञ साहेबाने १९४९ साली बेडकाच्या स्नायूत हे पाहिलं म्हणे, आणि आज रावेरच्या केळीवाल्याची पोरगी त्यावर काम करते, पाटलांच्या ओट्यावर मी सगळ्यांना सांगितलं. मी जन्मभर केळीला पोटॅश सोडलं, घड भरतो एवढंच बघितलं.

पण तूच म्हटलं होतं हा दरवाजा हृदयातही असतो, त्यात बिघाड असला तर हातापायातली ताकद मधेच जाते, ठोके चुकतात. तू म्हणशील तो जन्मजात आजार, फार क्वचित एखाद्याला. मान्य, पण रक्तातलं पोटॅशियम उतरलं तरी ठोके बिघडतात ना? मग टेस्टला काय जातं? रात्री तीन-तीन वाजेपर्यंत त्या काचेच्या नळ्या पेशींना लावत बसायचं, पोटात नुसती कॉफी, हे काय वय आहे का तब्येत घालवायचं, शिक्षण काय पळून चाललंय... जाऊ दे, लेक्चर झालं, राग मानू नको.

सहावीत असताना मोटारीच्या स्टार्टरचं झाकण उघडून बसली होतीस, आजीने ओरडून गल्ली गोळा केली, मी मेन स्विच पाडला आणि तुझ्या हातात टेस्टर दिला. तेव्हाही छातीत धडधडत होतं माझ्या, बोललो नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला येच. आई खापरावर मांडे करणार, आमरस आहे, निंबाला झोका बांधलाय, लहान्याच्या पोरी तुझी वाट बघताय. ईसीजीचा फोटो आधी टाक, मग तिकिटाचा, म्हणजे भुसावळला गाडीवर कोणाला पाठवायचं ते ठरवतो.

पप्पा